हेळव्याच्या चोपडीत नसलेल्या बायका



शाहूपुरी म्हटलं की गूळ आठवतो. १८९५ साली शाहू महाराजांनी व्यापारासाठी ही पेठ वसवली, हे आपल्याला पाठ आहे. मी मात्र इथल्या कुंभार गल्लीतल्या एका घराबद्दल बोलणार आहे. नाव सांगत नाही, घरात वाद चालू आहे.

या घराचा लेखी इतिहास हेळव्याकडे. तो कर्नाटकातून येतो, चोपडी उघडतो, मूळ पुरुषापासून वंश वाचतो. मागच्या खेपेला मीही ऐकत बसले. बापाचा लेक, त्याचा लेक, त्याचे तिघे. सात पिढ्यांत एका लेकीचं नाव आलं नाही.

मग घरातल्या आत्यांना विचारलं, तेव्हा धंदा कळला. माती वाळवायची, कुटायची, चाळायची, तुडवायची, त्यात राख-लीद मिसळायची, सगळं बायकांनी. बेंदराचे मातीचे बैल पाटीत घालून विकायचे त्यांनीच. फक्त चाकाला हात लावायचा नाही. का, तर विटाळ! आणि चाक फिरवील तोच कुंभार, बाकीची 'घरची मदत'. पुढे ॲल्युमिनियम-स्टीलपुढे मडकी मागे पडली, घर गणपतीवर आलं. साच्याला चाक लागत नाही. आता तरी बाई कारागीर ठरावी ना? घासकाम, रंगकाम तिचं. डोळ्यांची आखणी, ऑर्डर आणि पैसा भावाचा.

आता जागेला भाव आलाय. तिघी बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवलंय. "साडीचोळी घ्या, माहेर तोडू नका." दोघींनी सह्या केल्या. धाकटीला सांगितलं, तुझं लग्न १९८९ चं, तुला कायदा लागू नाही. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या होत्या, हे खरं. पण २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद गेला. तिचे वडील २००१ मध्ये वारले, तरी ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की २००५ साली वडील हयात असायची अट नाही. जागा वडिलोपार्जित आहे, वाटणी कधी झालेलीच नाही. सांगायला कोण जाणार होतं तिला?

तिनं अजून सही केलेली नाही. दाव्यासाठी वंशावळ द्यावी लागते, आणि तीत लेकींची नावं घालावीच लागतात. परवा आमच्या ऑफिसात बसून तिनं ती लिहिली. पणजीचं नाव आठवेना, म्हणून थोरल्या आत्याला फोन लावला. नाव मिळालं. पणजीचं माहेर कुठलं, ते आत्यालाही सांगता आलं नाही.