लग्नघरी जाताना

मंडळी, आज दारू सोडलेल्या माणसाविषयी बोलू. दारू वाईट, हे आम्ही सांगत बसणार नाही. ज्यांच्या घरातली भांडी बाजारात गेली, त्यांना ते मास्तरांनी काय शिकवायचे?

आमचा मुद्दा पुढचा आहे. माणूस दारू सोडतो. महिना जातो. सहा महिने जातात. तोंडावर तेज येते. पोरे बापाजवळ बसू लागतात. मग एक दिवस दारात लग्नाची पत्रिका येते, आणि बायकोच्या पोटात गोळा उठतो.

तिची भीती खरी आहे. घरी, शेतावर दारूला नाही म्हणता येते. हळदीच्या रात्री ते अवघड जाते. तिथे मेहुणे असतात, साडू असतात, जुने सोबती असतात. एकजण हात धरतो, "काय दाजी, आमच्या आनंदाला नाही म्हणता व्हय?" दुसरा म्हणतो, "एका घोटानं काय होतंय?"

एका घोटाने काय होते, ते नीट समजून घ्या. वर्षानुवर्षे प्यायले की सवय मेंदूत मुरते. दारू सोडली तरी ती सवय मरत नाही, नुसती झोपते. राखेखालचा निखारा जसा. पहिला घोट म्हणजे त्या निखाऱ्यावर घातलेली फुंकर. मग दुसरा, तिसरा पेला मागण्याचे काम दारूच करते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना व्यसनाला आजारात धरते. साखरेचा आजार असलेल्याला आपण लाडवाचा आग्रह करतो का? काही घरी तोही करतात म्हणा!

आणि हे आपल्याच मुलखात घडते असे नाही. अमेरिकेतली गोष्ट ऐका. साल १९३५. बिल विल्सन नावाचे गृहस्थ धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रन या परक्या शहरी गेले. दारू सोडून त्यांना पाच महिने झाले होते. तिथे काम फसले. हॉटेलात ते एकटे पडले. शेजारच्या दारूच्या खोलीतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. मन तिकडे ओढू लागले. तेव्हा ते फोनपाशी गेले. गावातल्या पाद्र्यांना फोन लावून त्यांनी दारूने गांजलेल्या दुसऱ्या माणसाचा पत्ता काढला. अशी त्यांची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. दोघे कितीतरी तास बोलत बसले. डॉक्टरांनीही दारू सोडली. पण थोड्याच दिवसांत ते डॉक्टरांच्या एका मोठ्या संमेलनाला गेले, आणि पुन्हा प्याले! डॉक्टरच ते. दारूने काय होते हे त्यांना का ठाऊक नव्हते? पण मेळा भारी पडला. परत आल्यावर त्यांनी पुन्हा सोडली. मग १९५० साली देह ठेवीपर्यंत ते प्याले नाहीत. या दोघांपासून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मंडळी सुरू झाली. आपल्याकडे मराठीतूनही त्यांच्या सभा भरतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. इथे एक गवंडी आहेत. नाव सांगत नाही. दारू सोडून त्यांना दहा महिने झाले, आणि भाचीचे लग्न निघाले. सख्खा मामा. मामाशिवाय नवरीला बोहल्यावर कोण आणणार? जाणे तर भाग होते.

त्यांनी आधीच मेव्हण्याला बाजूला घेऊन सांगितले, "मला आता अजिबात चालत नाही. माझ्याजवळ बाटली येऊ देऊ नका." हळदीला ते दुपारी गेले, पोटभर जेवले आणि दिवे लागायच्या आत घरी आले. लग्नाच्या दिवशी नवरीला बोहल्यावर आणले, अक्षता टाकल्या आणि सरळ आचाऱ्याकडून वरणाची बादली घेतली. पंगतीत वाढू लागले. बादली हातात असलेल्या माणसाला पेला कसा द्यायचा? आम्हाला ही युक्ती फार आवडली. तरी एकाने गाठलेच. गवंडी म्हणाले, "चालत नाही." कारण सांगितले नाही, वाद घातला नाही. कारण सांगितले की समोरचा ते खोडत बसतो.

वरातीचा बाजा वाजला तेव्हा मात्र जीव कासावीस झाला. ते बायकोला म्हणाले, "चल, निघू." शेवटच्या एस.टी.ने दोघे परत आले. ही तलफ कायम राहत नाही. पाण्याच्या लोंढ्यासारखी येते, चढते आणि ओसरते. तेवढा वेळ तिथून दूर जायचे, कोणाशी तरी बोलायचे.

पण सगळा भार त्या एकट्यावर का? यजमानांनो, आग्रह करायचा तर जिलबीचा करा. ताक, सरबत ठेवा. कोणी नाही म्हटले तर त्याची थट्टा करू नका. आणि बायांनो, माणूस लग्नाहून आला की दारातच त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. न पिता आलेल्याला ते फार लागते.

एखादा पाय घसरलाच, तर "गेले सगळे" म्हणून बाटली संपवायची नसते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हातपाय कापतात, कधी फिट येते, जीवावरही बेतते. म्हणून सोडतानाही डॉक्टरला विचारावे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. तिथे अशा माणसांना ठेवून घेऊन उपचार करतात. सरकारचा एक फोनही आहे. त्याला पैसे पडत नाहीत. नंबर १४४४६. फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. आपापल्या वहीत उतरवून घ्या, आणि शेजाऱ्याचा तपासून पाहा.