माझे शेअर्स, माझी बातमी

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पत्रकारिता सांभाळून नव्या कंपन्यांत गुंतवणूक कशी करायची, यावर बोलायला मला सांगितलंय. विषय ऐकून तुम्हाला वाटेल, बाई श्रीमंत असणार. म्हणून आधी हिशोब देते. आजवर मी चार कंपन्यांत पैसे घातले. दोन बंद पडल्या. एक कशीबशी तग धरून आहे. चौथी बरी चाललीय, पण तिच्यातून अजून एक रुपया हातात आलेला नाही. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा शेअर कागदावर कितीही वाढला, तरी घेणारा मिळेपर्यंत तो कागदच असतो. आमचं घर पगारावर चालतं.

मग हे कशाला करायचं? मी सोलापूरची. अब्बा दुसऱ्याच्या यंत्रमागावर टॉवेल विणायचे. स्वतःचे दोन माग घ्यावेत म्हणून ते कर्जासाठी बँकेत गेले. पत्ता विचारून साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला, तो बाजूलाच राहिला. पुढे कॉलेजात मी सच्चर समितीचा २००६चा अहवाल वाचला. काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘निगेटिव्ह झोन’ ठरवतात, अशी त्यात नोंद आहे. आमच्या मोहल्ल्याला असंही एक नाव आहे, हे मला तेव्हा कळलं.

नोकरी लागली ती वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर. तिथे जायला कुणी तयार नसायचं, म्हणून मला मिळालं. जानेवारी २०१६मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू झालं आणि संपादकांनी मला नव्या उद्योजकांच्या मुलाखतींना जुंपलं. मी प्रत्येकाला विचारायचे, पहिला पैसा कुठून आला? कुणाला मावशीने पाच लाख दिले होते, कुणाला वडिलांच्या मित्राने दहा. या धंद्यात त्याला ‘फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड’ असं गोड नाव आहे. म्हणजे कल्पना नंतर, मावशी आधी. ज्या पोराची मावशी विड्या वळते, त्याने काय करायचं? त्याची कल्पना वाईट ठरत नाही, ती कुणी ऐकतच नाही.

आपण पाच-दहा जणांनी मिळून अशा एखाद्याची मावशी व्हावं, एवढाच माझा विचार होता. सेबीच्या २०१३च्या नियमांप्रमाणे एंजल फंडात यायचं तर राहतं घर सोडून दोन कोटींची मालमत्ता लागायची आणि किमान २५ लाख गुंतवावे लागायचे. तो रस्ता माझा नव्हता. पण खासगी कंपनी ओळखीच्या ठरावीक लोकांना थेट शेअर देऊ शकते. कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त २०० जणांना तसा प्रस्ताव देता येतो आणि त्याची जाहिरात करता येत नाही, माध्यमांतून तर नाहीच. पत्रकाराने ही अट पाठ करून ठेवावी. ‘एवढी एक बातमी लाव ना, राउंड सुरू आहे’ म्हणणारा मित्र नेमकं काय मागतोय, ते तिच्यावरून कळतं.

घरी विरोध होईल वाटलं होतं. उलट अब्बा म्हणाले, ‘ये तो मुजारबत है.’ एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचा आणि भांडवल बुडालं तर ते भांडवल देणाऱ्याचं. व्याज नको म्हणून सोनं आणि प्लॉट यांतच पैसा अडकवणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत अनोळखी नाही. बुडण्याचा भाग तेवढा ते विसरतात. आपणच विसरतो, असं म्हणते.

त्याचं काय होतं, ते जून २०१९मध्ये दिसलं. बेंगळुरूची आयएमए कंपनी हलाल गुंतवणूक म्हणून लोकांना भागीदार करून घ्यायची आणि नफ्याच्या नावाने परतावा द्यायची. मालक देश सोडून गेला, पुढच्या महिन्यात दिल्ली विमानतळावर पकडला गेला. मागे राहिले हजारो ठेवीदार, बहुतेक आपलेच. निवृत्तीचे पैसे, मुलींच्या लग्नाचे पैसे. त्यावर मी मोठा लेख लिहिला. ‘भागीदार असाल तर वह्या मागा’ असं वाचकांना ठणकावून सांगितलं. लेखाचं कौतुक झालं.

त्याच्या आदल्या वर्षी मी पुण्यातल्या एका कंपनीत तीन लाख घातले होते. छोट्या टेम्पोवाल्यांना दुकानदारांचा माल मिळवून देणारं अ‍ॅप. ते काढणारा मुलगा आमच्याच भागातला, मला आपा म्हणायचा. तिच्या वह्या मी एकदाही मागितल्या नव्हत्या.

त्या हिवाळ्यात ऑफिसात एका टेम्पोवाल्याचा फोन आला. कंपनीने तीन महिन्यांचं भाडं थकवलंय, असे चाळीस-पन्नास जण आहेत, हप्ते तुंबलेत. आयएमएवरचा माझा लेख वाचून त्याने मुद्दाम मला फोन केला होता. कंपनीचं नाव त्याने शेवटी सांगितलं. ती माझी कंपनी होती.

मी त्याला म्हणाले, बघते. आणि दोन दिवस काहीही केलं नाही. हे मी कमी लोकांना सांगितलंय. त्या दोन दिवसांत मी स्वतःला जे जे समजावलं, ते सगळं शहाणपणाचं वाटत होतं. नवीन राउंड तोंडावर आहे, तो झाला की पोरगा सगळ्यांचे पैसे देईल. आपल्या समाजातला एक पोरगा उभा राहतोय, त्याला पाडायचं का? यातलं शेवटचं सगळ्यात धोकादायक, कारण त्यात माझे तीन लाख दिसत नव्हते.

हितसंबंध म्हटलं की आपल्याला फॉस्टर विनन्ससारखा माणूस आठवतो. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधल्या आपल्या स्तंभात काय येणार, ते तो दलालाला आधीच सांगायचा. १९८४मध्ये त्याची नोकरी गेली आणि १९८७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. ती सरळ लबाडी होती. मायकेल अ‍ॅरिंग्टनचं प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं. स्टार्टअपच्या बातम्या देणारं ‘टेकक्रंच’ त्याने काढलेलं. २०११मध्ये त्याने उघडपणे, सगळ्यांना सांगून गुंतवणूक फंड काढला, आणि त्याला ‘टेकक्रंच’ सोडावं लागलं. तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं होतं. सांगून केलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते न छापलेल्या बातमीत. छापलेल्या बातमीखाली ‘लेखिकेची या कंपनीत गुंतवणूक आहे’ अशी ओळ टाकता येते. मी दाबून ठेवलेल्या फोनखाली कोण ओळ टाकणार? कंपनीत शेअर असलेल्या पत्रकाराने तिच्याबद्दल लिहू नये, असं प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. पण माझ्या बाबतीत नुसतं ‘लिहू नये’ पाळणं सोयीचंच होतं. मी लिहीत नव्हतेच.

तिसऱ्या दिवशी संपादकांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, ‘दोन दिवस का?’ एवढंच विचारलं. बातमी सहकाऱ्याने केली. मी त्याला टेम्पोवाल्याचा नंबर दिला आणि त्या पानापासून लांब राहिले. राउंड फिसकटला, चार महिन्यांत कंपनी बंद झाली. काही टेम्पोवाल्यांना पैसे मिळाले, सगळ्यांना नाही. तो मुलगा आता भेटला तर दुसरीकडे बघतो. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

तेव्हापासून माझ्या शेअर्सची यादी संपादकांकडे असते, दर सहा महिन्यांनी नवी. त्या कंपन्यांबद्दल काहीही कानावर आलं तर त्याच दिवशी सहकाऱ्याला द्यायचं, चांगलं असो की वाईट. स्टार्टअपचं पान मी सोडलं. आता सहकारी बँका आणि यंत्रमाग बघते. बढतीच्या दृष्टीने तोटा झाला, तो धरून चाला. पैशांचं म्हणाल, तर वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय मी एक रुपयाही घालत नाही. आणि घातला की दर तिमाहीला वह्या मागते. पोरं कंटाळतात.

चौथ्या कंपनीत, जी बरी चाललीय, आम्ही सात जणी मिळून आहोत. त्यातल्या दोघी शाळेत शिकवतात. कुणाचं कुणाला किती देणं थकलंय, याचा कागद दर तिमाहीला त्याच आधी वाचतात, नफ्याचा नंतर.

आता प्रश्न घेऊ. फक्त त्या कंपनीचं नाव विचारू नका, आत्ताच सांगितलं ना, माध्यमांतून जाहिरात करता येत नाही.