भीतीचे दोन वाटे



वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा बहुतेक वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी घेण्यात आली आहे. २०२५ साली ती ४ मे रोजी, दुपारी दोन ते पाच या वेळात झाली. मे महिन्यातील दुपारचे दोन म्हणजे काय, हे चंद्रपूर जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असतो आणि जनावरेसुद्धा सावली सोडत नाहीत.

भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या एका प्रवेशद्वारावरचे गाव. उन्हाळ्यात जंगलातील पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येतात आणि त्यांना पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागते. गाईड, जिप्सीचालक, हॉटेलात राबणारी माणसे यांचा हाच कमाईचा काळ. मोहफुले वेचून होतात न होतात तोच तेंदूपत्त्याचा हंगाम उभा राहतो. वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा हिस्सा या काही आठवड्यांत घरात येतो आणि त्यासाठी घरातील प्रत्येक हात लागतो. नेमक्या याच आठवड्यांत अशा घरातील एखाद्या मुलीने १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवण्यासाठी मन शांत ठेवावे, अशी समाजाची अपेक्षा असते. ते शांत राहिले नाही, तर तिला सांगण्यात येते : घाबरू नकोस, आत्मविश्वास ठेव.

हा उपदेश सद्भावनेचा असला तरी अपुरा आहे. परीक्षेच्या भीतीचे दोन वाटे असतात. एक वाटा विद्यार्थ्याच्या हाती असतो. अभ्यासाच्या रीतीने आणि शिस्तीने तो कमी करता येतो. दुसरा वाटा समाजाने तिच्या पदरात टाकलेला असतो. तो तिने कितीही दीर्घ श्वास घेतले तरी कमी होत नाही. हे दोन्ही वाटे एकत्र मोजून संपूर्ण ओझे सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या मनोबलावर टाकणे, हा अन्याय आहे.

प्रथम साधा हिशेब पाहावा. २०२५ साली सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी या परीक्षेस बसले. त्यांपैकी सुमारे १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा त्या सुमारास १ लाख १८ हजारांच्या आसपास होत्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतील जेमतेम एकाला जागा. या जागांतील निम्म्याच्या आसपास जागा खाजगी वा अभिमत संस्थांच्या. तेथील शुल्क वर्षाला कित्येक लाखांच्या घरात. जिप्सीचालकाच्या मुलीपुढील खरी स्पर्धा म्हणूनच केवळ सरकारी जागांसाठी असते. श्रीमंताच्या मुलाचे दहा-वीस गुण कमी पडले तर त्याचे महाविद्यालय बदलते; गरिबाच्या मुलीचे तेवढेच गुण कमी पडले तर तिचे आयुष्य बदलते. एकाच प्रश्नपत्रिकेतील एकाच गुणाची किंमत दोन घरांत अशी वेगळी असते. मग भीती समान कशी असेल?

या भीतीचे शास्त्र आता बरेच स्पष्ट झाले आहे. येर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, थोडा ताण शिकण्यास मदत करतो. काम अवघड असेल तर मात्र ताण एका मर्यादेपलीकडे जाताच कामगिरी ढासळू लागते. १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी परीक्षेच्या भीतीचे दोन घटक वेगळे केले : छातीतील धडधड, तळहाताला सुटणारा घाम हा एक, आणि ‘आपण नापास झालो तर काय’ हा मनात फिरत राहणारा विचार हा दुसरा. गुणांना अधिक मारक ठरतो तो हा दुसरा घटक. मनाची एका वेळी काम करण्याची जागा मर्यादित असते आणि काळजी त्यातीलच जागा अडवते.

या संदर्भात २०१३ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या आकलनशक्तीच्या चाचण्या संशोधकांनी दोनदा घेतल्या : एकदा तोडणीपूर्वी, हाती पैसा नसताना आणि एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर. माणसे तीच होती. परंतु तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्टपणे कमी भरली. बुद्धी कमी झालेली नव्हती, ती पैशाच्या विवंचनेत गुंतून पडली होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात परीक्षेला बसणारी मुलगी एक पेपर कागदावर आणि दुसरा मनात सोडवत असते. गुण मात्र पहिल्याचेच मोजले जातात.

आता तिच्या हाती असलेल्या वाट्याकडे वळावे. समाज बदलेपर्यंत तिने थांबावे, असे कोणीही म्हणणार नाही. परीक्षा पुढच्या मे महिन्यात आहे.

पहिली गोष्ट अभ्यासाच्या रीतीची. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा वाटतो. ओळख म्हणजे ज्ञान, असा भ्रम होतो. रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवले की, वाचलेले पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ते आठवड्यानंतर, नुसते पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त राहते. भीतीच्या दृष्टीनेही हीच रीत हिताची. रोज स्वतःची छोटी परीक्षा घेणाऱ्याला मोठी परीक्षा अनोळखी राहत नाही.

दुसरी गोष्ट सरावाच्या वेळेची. सराव पहाटेच्या गारव्यात आणि परीक्षा दुपारच्या उन्हात, असे होऊ नये. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी दुपारी दोन ते पाच या वेळातच, घड्याळ लावून, ओएमआर उत्तरपत्रिकेवर वर्तुळे भरत पूर्ण पेपर सोडवावा. शरीरालाही परीक्षेची सवय लागावी लागते.

तिसरी गोष्ट गुणांच्या हिशेबाची. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो आणि पर्याय चार असतात. या वजा गुणाच्या धास्तीने कित्येक विद्यार्थी निम्मे माहीत असलेले प्रश्नही सोडून देतात. गणित वेगळे सांगते. चारांतील दोन पर्याय निश्चित चुकीचे आहेत एवढे ओळखता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडल्यास सरासरीने प्रश्नामागे दीड गुण पदरात पडतो. एकच पर्याय बाद करता आला, तरी हिशेब फायद्याचाच राहतो. काहीच ठाऊक नसेल तेव्हा लाभ नगण्य, वेळ मात्र जातो. असा प्रश्न सोडून पुढे जावे. हा नियम घरीच ठरवावा, म्हणजे परीक्षागृहात तो भीतीला ठरवावा लागत नाही.

चौथी गोष्ट मनाच्या स्वच्छतेची. पेपरापूर्वी दहा मिनिटे आपल्या काळज्या कागदावर लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारल्याचे रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ सालच्या प्रयोगात आढळले. या उपायाला एक कोरा कागद लागतो, शिकवणी वर्गाचे शुल्क लागत नाही. झोपेचेही तसेच. रात्रीची झोप मोडून केलेले पाठांतर डोक्यात टिकत नाही. परंतु झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण सुटले, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही, आरोग्याचा होतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक गावागावातील शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असला पाहिजे.

येथवर तिचा वाटा झाला. आता समाजाचा वाटा.

देशभर एकच परीक्षा असावी, या कल्पनेमागे काही न्याय्य कारणे होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वी खाजगी महाविद्यालयांच्या वेगवेगळ्या परीक्षा होत, त्यांच्या आडून देणग्यांचा बाजार चाले आणि विद्यार्थ्याला गावोगाव हिंडावे लागे. २०१३ साली प्रथम झालेली आणि न्यायालयीन वादानंतर २०१६ पासून पुन्हा लागू झालेली ‘नीट’ या बाजाराला आळा घालण्यासाठी आली. प्रश्न समान परीक्षेचा नाही. समान शाळा न देता समान परीक्षा घेतली जाते, हा प्रश्न आहे. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात सर्वांसाठी समान शालेय व्यवस्थेचा, परिसर शाळेचा आग्रह धरला होता. ती शिफारस कागदावर राहिली आणि देशाने त्या न बांधलेल्या पायावर एक उंच शिखर मात्र चढवले.

मधली पोकळी शिकवणी वर्गांच्या बाजाराने भरली. गुणवत्ता विकत मिळू लागली, तेव्हा ज्याला ती विकत घेता येत नाही त्याच्या भीतीला आधार मिळाला. त्यातच २०२४ साली प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने गैरप्रकार झाल्याचे मान्य केले. संपूर्ण परीक्षेचे पावित्र्य भंगल्याचा पुरावा नाही म्हणून फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. निर्णय कायद्याच्या कसोटीवर योग्य असेल. परंतु प्रामाणिक विद्यार्थ्याच्या मनात शिरलेला संशय निकालपत्राने निघत नाही.

जंगलपट्ट्यातील विद्यार्थ्याच्या भीतीला आणखी एक सरकारी शाखा आहे, ती कागदपत्रांची. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. आजोबा-पणजोबांचे जुने दस्त, महसुली नोंदी, शाळेचे दाखले हे सारे जमवता जमवता कुटुंबाची दमछाक होते. ज्यांच्या पूर्वजांना शाळाच मिळाली नाही, त्यांच्याकडे पूर्वजांच्या शाळेचा दाखला मागायचा, हा व्यवहार चमत्कारिक आहे. गुण मिळूनही कागदाअभावी जागा जाईल की काय, ही धास्ती मनोविकार नव्हे. ती अनुभवातून आलेली शहाणी शंका आहे.

हे अटळ आहे काय? नाही. तामिळनाडू शासनाने २०२० साली कायदा करून, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि ‘नीट’ उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. परीक्षा तीच राहिली, पण तिचा अन्याय काही अंशी उणा झाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या : शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, विद्यार्थ्याला चारचौघांत अपमानित करू नये. या सूचना आपापल्या तालुक्यात कोण पाळतो, हे विचारणे कार्यकर्त्यांचे काम आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण महाविद्यालय जिल्ह्यात आले आणि जिल्ह्यातील जंगलगावांची मुले त्यात आली नाहीत, तर इमारत जवळ येऊनही दार लांबच राहील.

याचे मोल त्या मुलांपुरते नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांतल्या स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती उपचाराचे प्रशिक्षण दिले आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले; हे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांनी कोणतीही प्रवेश परीक्षा दिलेली नव्हती. रुग्णाची भाषा, घर आणि भय ओळखणे हीसुद्धा वैद्यकातील गुणवत्ता आहे आणि ७२० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत तिचे मोजमाप होत नाही. या वस्तुस्थितीतून दोन गोष्टी निघतात. जंगलातील मुलगी डॉक्टर झाली पाहिजे, कारण तिची तेथे गरज आहे. आणि यंदा तिला जागा मिळाली नाही, तरी ती नालायक ठरत नाही; परिचारिका, औषधनिर्माण, प्रयोगशाळा, आयुर्वेद अशा वाटांनीही त्या रुग्णापर्यंत पोचता येते. निकालाच्या दिवशी हे घरात कोणीतरी शांतपणे बोलले पाहिजे. निकालाच्या आधीच बोलले तर अधिक बरे.

ताडोबाच्या आसपासच्या माणसाला भीतीशी कसे वागावे, हे शिकवण्याची गरज नाही. वाघ आहे हे ठाऊक असूनही तेंदूपत्ता तोडायला जावेच लागते. भीती नाहीशी होण्याची वाट कोणी पाहत नाही. माणसे जथ्याने जातात, आवाज करत राहतात, एकमेकांवर नजर ठेवतात. जंगलात एकट्याने शिरू नये, हा तेथला पहिला धडा. परीक्षेच्या जंगलात मात्र गावातील मुलीला एकटीला सोडले जाते.

ती एकटी राहू नये, यासाठी मोठा निधी लागत नाही. गावात पंखा आणि दिवा असलेली एक अभ्यासिका लागते. रविवारी दुपारी दोनला मराठीतून सराव पेपर घेणारा एखादा शिक्षक लागतो. अकरावीतच जात वैधतेची कागदपत्रे गोळा करून अर्ज दाखल करणारा कार्यकर्ता लागतो. हंगामाच्या त्या पंधरवड्यात मुलीचे घरकाम वाटून घेणारे शेजारी लागतात. परीक्षेच्या आदल्या दिवशीच तिला शहरात नेऊन केंद्र दाखवणारी आणि रात्री मुक्कामाची सोय करणारी सोबत लागते. समान शाळेची, सरकारी शाळांसाठी राखीव जागांची आणि समुपदेशकांच्या नेमणुकीची मागणी विधिमंडळापर्यंत नेली पाहिजेच. पण ती मान्य होईपर्यंत एवढे काम कोणत्याही तालुका शाखेच्या आवाक्यातले आहे.

श्वास कसा घ्यावा, हे मुलगी शिकेल. तिच्या वाट्याची भीती तिने सांभाळावी, हे योग्यच आहे. उरलेली भीती ज्यांच्या वाट्याची आहे, त्यांनी ती आता उचलली पाहिजे.