त्याच्या पोटात दुखत होतं

(कापणीच्या सणाच्या सभेत मेळघाटातील कार्याविषयी केलेलं भाषण)



आज वेदीपुढे आपण भोपळे, केळीचे घड, तांदूळ, अंडी मांडली आहेत. थोड्या वेळाने त्यांचा लिलाव होईल आणि त्यातला काही भाग आमच्या कार्यासाठी येईल. म्हणून मी आज अन्नाविषयीच बोलणार आहे. मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. मेलेली मुलगी उठून चालू लागली आणि घरातले सगळे थक्क होऊन उभे राहिले. त्या गडबडीत एकट्या प्रभूला आठवलं की पोरगी उपाशी असेल. तिला काही खायला द्या, असं त्याने सांगितलं. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्याचं लक्ष एका लेकराच्या पोटाकडे गेलं.

आमचं काम धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू पाड्यांवर चालतं. तिथल्या एका मुलाविषयी मला सांगायचं आहे. त्याचं नाव सांगणार नाही. तीन वर्षांपूर्वी तो पाच वर्षांचा होता. तो बोलत नसे. हाक मारली तर बघत नसे. बाटलीचं झाकण तासन्‌तास फिरवत बसे. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, हे पुढे कळलं. पण गावाला काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. रात्री तो ओरडत उठे, कुडाच्या भिंतीवर डोकं आपटे, स्वतःचा हात चावे आणि खाटेच्या कडेवर पोट दाबून पडून राही.

घरच्यांनी आधी भूमकाला दाखवलं. त्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे डंबे दिले गेले. त्या चट्ट्यांच्या खुणा अजून आहेत. मग ते आमच्याकडे आले. आमच्या प्रार्थनागटाने त्याच्यावर हात ठेवले आणि दुष्टात्म्याला धमकावत अर्धी रात्र मोठ्याने प्रार्थना केली. मूल कानांवर हात ठेवून किंचाळत होतं. आवाज वाढला तसं ते जास्त किंचाळलं आणि आम्हाला वाटलं, आता तो निघतोय.

त्या गटात मी होते. मी बायबल कॉलेजात शिकलेली बाई. भूमकाला नावं ठेवण्याचा हक्क मी त्या रात्री गमावला.

नंतर मार्काचा नववा अध्याय वाचताना मी थांबले. तिथेही एक मुका मुलगा आहे, तोही जमिनीवर लोळतो. त्याला काय होत होतं यावर मी आज बोलत नाही. पण प्रभूने काही करण्याआधी बापाला एक साधा प्रश्न विचारला, की याला हे कधीपासून होतं. आम्ही अर्धी रात्र बोललो, पण आईला एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ चुलीपाशी बसले आणि विचारलं. हे कधीपासून? रात्रीच का? काय खातो? बाहेर कधी जातो? ती म्हणाली, "ताई, पाच-पाच दिवस जात नाही. गेला तर दगडासारखं होतं, रक्त येतं. मधेच चड्डीत पातळ लागतं, म्हणून दुकानातून जुलाब बंद व्हायची गोळी आणते."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचं पोट हळूच चाचपलं आणि आम्हाला समजावलं. आतड्यात मळ साचून कडक झाला होता. त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत होता, तो जुलाब नव्हता. गोळीने बद्धकोष्ठ आणखी वाढत होतं. मुलाच्या पोटात दुखत होतं आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते.

बंधुभगिनींनो, हे फक्त या एका मुलाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 127 माणसांपैकी एकाला स्वमग्नता होती. तोवर झालेले अनेक अभ्यास एकत्र तपासून 2014 मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार या मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या जवळजवळ चौपट आढळतात. बद्धकोष्ठ, जुलाब आणि पोटदुखी या त्यांतल्या मुख्य. 2010 मध्येच तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं होतं की अशा मुलाची चिडचिड, झोपमोड किंवा स्वतःला मारून घेणं हेच पोटाच्या आजाराचं एकमेव लक्षण असू शकतं. "त्याला ऑटिझम आहे, तो असाच वागणार" असं म्हणून तपासणी टाळू नये.

असं का होतं? एक कारण खाण्यात आहे. यांतल्या पुष्कळ मुलांना चव, वास, रंग आणि घासाचा स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र लागतो. म्हणून ती दोन-चार पदार्थांनाच धरून राहतात. आमचा मुलगा पांढरा भात, ग्लुकोजची बिस्किटं आणि चहा एवढंच घेई. भाकर नाही, डाळ नाही, भाजी नाही, पाणी जेमतेम. अशा खाण्यात चोथा नसतो, लोह नसतं, जीवनसत्त्वं नसतात. फार मर्यादित खाणाऱ्या काही स्वमग्न मुलांना 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्हीसुद्धा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यात मेळघाटात दिवाळीनंतर कुटुंबं कामासाठी बाहेर जातात. जागा बदलते, ताट बदलतं. ज्या मुलाला रोजचा क्रम हाच आधार वाटतो, त्याचं खाणं आणि शौच दोन्ही बिघडतात.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण आपल्या शेजारीही असं घर असू शकतं.

डॉक्टरांनी मळ मऊ करणारं औषध दिलं आणि बजावलं की बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका. ते कित्येक महिने चाललं. जेवण झालं की पाच-दहा मिनिटं त्याला बसवायचं, रोज त्याच वेळी, न रागावता. घराला संडास होता, पण तो आत जाईना. आईनेच कारण शोधलं. पत्र्याचं दार करकरायचं आणि आत अंधार. बापाने दार काढलं आणि जुनं लुगडं टांगलं. त्या आठवड्यापासून मुलगा आत बसू लागला.

खाण्यात आम्ही भात बंद केला नाही. तो खातो तेच काढून घेतलं तर असं मूल उपाशी राहतं, हार मानत नाही. भाताच्या शेजारी, भाताला न लागता, नव्या पदार्थाचा एक घास ठेवायचा. खाल्ला तर ठीक, हात लावला तरी ठीक, फेकला तरी ओरडायचं नाही. तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ताटात यावा लागतो. भाताखाली लपवून काही घालायचं नाही. कळलं तर त्याचा भातावरचाही विश्वास उडतो. अंगणवाडीतून अमृत आहार योजनेचं अंडं मिळे. ते शेजारच्या वाटीत चौथ्या आठवड्यापर्यंत तसंच राहिलं. मग एके दिवशी त्याने पिवळा भाग चाटला. पुढे कुटकीचा भात आला, परसातली पपई आली. पाणी त्याच्याच लाल पेल्यातून दिलं की तो पिऊ लागला.

तो मातीही खात असे, म्हणून रक्त तपासलं. रक्त कमी निघालं. इथे एक सावधगिरी सांगते. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. म्हणून लोहाचं औषध मनाने सुरू करू नका, आधी तपासणी करून डॉक्टरांना विचारा. जंताची गोळी मात्र अंगणवाडी आणि शाळेत मोफत मिळते, ती चुकवू नका.

दोन महिन्यांत रात्रीचं डोकं आपटणं बरंच कमी झालं. आज तो आठ वर्षांचा आहे. तो अजून बोलत नाही. झाकण अजून फिरवतो. स्वमग्नता गेलेली नाही आणि आहाराने ती जाणारही नव्हती. त्याची पोटदुखी गेली. आता त्याची आई रात्रभर झोपते.

हे मी मुद्दाम सांगते, कारण मागच्या वर्षी एका प्रेमळ दात्याने या मुलासाठी परदेशी पावडरीचे डबे पाठवायची तयारी दाखवली. सोबत गहू आणि दूध पूर्ण बंद करण्याचा तक्ता होता. मी आभार मानून नकार दिला. गहू आणि दूध तोडल्याने स्वमग्नता बरी होते असा भरवशाचा पुरावा नाही. एखाद्या मुलाला खरोखरच दूध किंवा गहू सोसत नसेल, तर ते डॉक्टर तपासून सांगतील. पण जे मूल चारच पदार्थ खातं, त्यातले दोन काढून घेणं ही मदत होत नाही.

मग आपण काय करू शकतो? धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात आहे, मध्ये जंगल आणि घाट. एका तपासणीला आई-बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. त्यांच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च उचला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा असं मूल त्यांच्यापुढे नेणारी माणसं आम्हाला हवीत. 2016 च्या कायद्यात स्वमग्नता हे दिव्यांगत्व म्हणून मान्य आहे. प्रमाणपत्र काढायला, निरामय आरोग्य विम्याचा अर्ज भरायला लिहिता-वाचता येणारा एक भाऊ किंवा बहीण सोबत आली तरी घराचं ओझं अर्धं होतं.

आणि प्रार्थना करा. मी प्रार्थना सोडलेली नाही. पण आता आम्ही आईला आधी विचारतो, मग मुलाच्या जवळ बसून, हळू आवाजात प्रार्थना करतो. त्या मुलाला आमचं गाणं सोसतं, टाळ्या सोसत नाहीत. म्हणून त्याच्या घरच्या उपासनेत आम्ही टाळ्या वाजवत नाही. गेल्या नाताळात तो पहिल्यांदा शेवटपर्यंत बसला, झाकण फिरवत, आईच्या मांडीला टेकून.

आज लिलावात अंड्यांची टोपली विकली जाईल तेव्हा त्या चाटलेल्या पिवळ्या बलकाची आठवण ठेवा. ज्या प्रभूने याईराच्या लेकीला खायला द्यायला सांगितलं, तो आपल्याही हाती ताट देतो. ते धीराने पुढे धरण्याची कृपा तो आपणा सर्वांना देवो. आमेन.