दूरच्या यंत्राशीं संभाषण

वडवणीहून पुणें अडीचशें किलोमीटरांहून अधिक लांब आहे. बीड जिल्ह्यांतील या तालुक्याच्या गांवीं बसून एखाद्या पदवीधर मुलानें पुण्याच्या कचेरींतला संगणक चालवावा, अडलेला कार्यक्रम बंद करून पुन्हां सुरू करावा, आणि सायंकाळीं घरच्याच ओसरीवर चहा घ्यावा, ही गोष्ट आतां अशक्य राहिलेली नाहीं. ज्या जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरा उलटला कीं हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं बिऱ्हाड उचलून परमुलखीं निघतात, तेथें काम माणसाकडे चालत येणें ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून, श्रोतेहो, ही विद्या कशी चालते व तिच्यांत धोका कोठें आहे, हें घरांतल्या वडील माणसांनींही समजून घेण्याजोगें आहे.

पडदा व कळफलक येथें, आणि काम करणारें यंत्र तेथें, एवढेंच तिचें मर्म. कळ दाबली कीं अक्षर तिकडे जातें. उत्तरही अक्षरांच्याच रूपानें परत येतें. चित्रांचा भार नसल्यामुळें, ज्या गांवीं चलच्चित्र अडखळत दिसतें तेथेंही हें काम सुखेनैव चालतें.

संगणकांचें जाळें विणण्यामागें जे हेतु होते त्यांत हाच एक प्रमुख होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅन्फर्ड संशोधन संस्थेच्या यंत्रांत शिरण्यासाठीं चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानें ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्यास आरंभ केला. ‘एल’ गेलें, ‘ओ’ गेलें, आणि पलीकडचें यंत्र कोलमडलें! सुमारें तासाभरानें दुसरा प्रयत्न सिद्धीस गेला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वांस खुलें केलें, तेव्हां मुंबईच्या पुष्कळ ग्राहकांस मिळालें तें ‘शेल’ खातेंच होतें. दूरध्वनीच्या तारेनें निगमाच्या यंत्रास जोडून घ्यावयाचें व काळ्या पडद्यावर अक्षरें टंकून पत्रें वाचावयाचीं. घरचा संगणक त्या वेळीं केवळ खिडकी असे. आजही पुण्याच्या आयसर संस्थेंतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर काम करणारा संशोधक त्या यंत्राच्या दालनांत जाऊन बसत नाहीं. आपल्या मेजावरूनच त्यास आज्ञा देतो.

जुन्या ‘टेलनेट’ पद्धतींत एक मोठें वैगुण्य होतें. परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जाई. पोस्टकार्डावर तिजोरीचा क्रमांक लिहून पाठवावा तसा. १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी असे शब्द चोरले, तेव्हां तेथील टाटू इलोनेन यांनीं ‘एसएसएच’ ही पद्धति रचिली. तींत दोन्ही यंत्रें प्रथम आपसांत एक गुप्त संकेत ठरवितात, आणि पुढील प्रत्येक अक्षर त्या संकेतांत गुंडाळून जातें. मध्यें कोणी ऐकलें तरी त्यास अर्थ लागत नाहीं.

मांडणी अवघड नाहीं. जें यंत्र दुरून चालवावयाचें, तें लिनक्सचें असल्यास त्यावर ‘ओपनएसएसएच सर्व्हर’ हा विनामूल्य कार्यक्रम बसवावा. दुसऱ्या यंत्रावर त्याचा जोडीदार लागतो. विंडोज १० मध्यें तो २०१८ पासून आयताच मिळूं लागला. मग एसएसएच हीं अक्षरें, एक मोकळी जागा, त्या यंत्रावरील खात्याचें नांव, ‘ॲट’चें चिन्ह आणि यंत्राचा पत्ता एवढें टंकावें. घरच्या किंवा शाळेच्या जाळ्यांत हा पत्ता बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतो. राउटर तो मधूनच बदलूं शकतो, यास्तव राउटरमध्येंच तो त्या यंत्रासाठीं राखून ठेवावा.

पहिल्या वेळीं मात्र पडद्यावर एक प्रश्न उमटतो: या यंत्राचा ठसा असा असा आहे, पुढें जावयाचें काय? शंभरांतले बहुतेक लोक न वाचतांच ‘होय’ म्हणून मोकळे होतात. खरेदीखतावरचा अंगठा न पडताळतां पैसे मोजून देण्यासारखेंच हें आहे. पलीकडे खरोखर आपलेंच यंत्र आहे कीं मध्यें कोणी तोतया बसला आहे, हें ओळखण्याची वेळ तीच. ठशाचीं अक्षरें त्या यंत्राजवळच्या माणसाकडून दूरध्वनीवर वाचून घ्यावीं. दोन मिनिटांचें काम. पुढें कधीं ठसा बदलल्याचा इशारा आला, तर कारण समजल्याखेरीज पाऊल टाकूं नये.

परवलीच्या शब्दापेक्षां किल्ल्यांची जोडी बरी. त्यांतील सार्वजनिक भाग कुलपासारखा. तो दूरच्या यंत्रावर ठेवावा, कोणीं पाहिला तरी हरकत नाहीं. गुप्त भाग मात्र स्वतःपाशींच, तोही एका वाक्याच्या बंदोबस्तांत. मित्राच्या सोयीसाठीं तो निरोपांतून धाडणाऱ्यांची संख्या थोडी नाहीं, आणि हा निव्वळ अविचार आहे. किल्ली चालते अशी खात्री पटली कीं परवलीच्या शब्दाची वाट बंद करावी. क्रम उलटा झाला तर धनी स्वतःच दाराबाहेर राहतो. इंटरनेटवर उघड्या दिसणाऱ्या यंत्रांचीं दारें स्वयंचलित कार्यक्रम रात्रंदिवस ठोठावीत असतात. नेहमींचीं नांवें व सोपे शब्द ते प्रथम लावून पाहतात.

वडवणीहून पुण्याच्या यंत्रांत शिरणें सोपें, पुण्याहून वडवणीच्या यंत्रांत शिरणें कठीण. कारण मोबाईलच्या जोडणींत एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वांटलेला असतो, आणि आलेली हांक कोणाच्या दारीं न्यावी हें जाळ्यास कळत नाहीं. त्यास तोड अशी कीं, वडवणीच्या यंत्रानेंच आधीं बाहेरच्या एखाद्या यंत्राशीं जोडणी करून ती चालू ठेवावी, व परतीची वाट तिच्यांतूनच काढावी.

राहिली वीज. मध्येंच ती गेली, राउटर बंद पडला, कीं जोडणी तुटते आणि तिच्यावर चाललेलें कामही बहुधा अर्ध्यावर थांबतें. हें टाळण्यासाठीं ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ नांवाचा कार्यक्रम दूरच्या यंत्रावर प्रथम सुरू करावा व सर्व आज्ञा त्याच्या आंत द्याव्या. मग इकडे कंदील लावण्याची पाळी आली तरी पुण्यांतील काम आपल्या गतीनें चालूच राहतें, आणि वीज परतल्यावर जेथें सोडलें तेथूनच तें पुन्हां हातीं धरतां येतें.