शाबासकी वाडीपर्यंत



 तुमच्यामुळे कर्जत-खालापूरच्या कितीतरी घरांत आज पहिल्यांदाच पदवी येते आहे. रोजची लोकल चुकवून, खाडा मांडून इथं येऊन बसलेल्या आईबापांना मी आधी नमस्कार करते.

आज मला बोलायचं आहे ते हुशार मुलांना सरकारदरबारी मिळणाऱ्या मानाविषयी. परीक्षेत, स्पर्धेत कुणी चमकलं की शाल, श्रीफळ, सन्मानपत्र येतं, व्यासपीठावरून नाव पुकारलं जातं. हा मान मला मोलाचा वाटतो. आपल्या मुलीचं नाव शासनाने घेतलं, एवढ्यानेही गावातल्या दहा घरांत 'हिला पुढे शिकवू' हा विचार सुरू होतो. पण मान मिळाल्यावर त्या मुलाने काय करायचं आणि तो मान कुणापर्यंत पोचतच नाही, हे दोन प्रश्न समारंभात कुणी काढत नाही. ते मी आज काढणार आहे.

आधी पहिला प्रश्न. चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्याचे. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मले. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. ती ज्यांच्या नावाची, ते नाना शंकरशेट मूळचे आपल्या शेजारच्या मुरबाडचे. पुढे केंब्रिज, मग १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. स्वातंत्र्यानंतर देशाचे अर्थमंत्री झाले आणि आपल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. एका माणसाला सरकारने याहून मोठा कोणता मान द्यावा?

आणि तोच माणूस १९५६ साली मंत्रिपद सोडून उठला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची चौकशी होत नाही, हेही त्यांना पटलं नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी लोकसभेत उभं राहून सांगितल्या. ज्या सरकारने मोठं केलं त्यालाच 'तुमचं चुकतंय' म्हणायला छाती लागते. त्यांच्या सगळ्या पहिल्या नंबरांपेक्षा मला हा राजीनामा मोठा वाटतो. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, म्हणजे पुन्हा विद्यार्थ्यांपाशीच आले.

दुसरं नाव तर तुमच्या कर्जत तालुक्याचंच. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल. माथेरानच्या गरीब नाभिक कुटुंबातला मुलगा पुण्याला राहून शिकला, वकील झाला आणि माघारी आला. गावोगाव शाळा काढल्या, शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, तेव्हा सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या दिवशी चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. एकाच जिल्ह्यातली दोन शिकलेली माणसं, एक सरकारच्या खुर्चीत आणि एक सरकारच्या बंदुकीसमोर. यातला कोण बरोबर, असा प्रश्न मी तुम्हाला घालणार नाही. दोघांनीही आपलं शिक्षण लोकांसाठी वापरलं.

आता दुसरा प्रश्न, हा मान कुणापर्यंत पोचत नाही. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची परीक्षा असते, पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न. कातकरी किंवा ठाकूर वाडीतल्या मुलीला हे प्रश्न सुटतात. तिची गाडी अडते ती कागदांवर. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जातीचा दाखला वेगळा, त्याला आजोबांचा पुरावा, मग आधारला जोडलेलं बँक खातं आणि दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण. बाप वीटभट्टीवर परमुलखात असला तर सही कुणाची घ्यायची? नूतनीकरण राहिलं की पुढच्या वर्षाचे पैसे थांबतात, आणि मुलगी समजते की आपणच कुठे तरी नापास झालो. शिवाय निवासी सरकारी शाळेत राहणारी मुलं या योजनेत बसतच नाहीत. आश्रमशाळांतल्या मुलांसाठी काय, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं आणि ते तुम्ही विचारायला हवं.

हुशारी वाड्यांवर आहे. ती कागदावर उतरवून देणारा माणूस तिथे नाही. तुम्हाला फॉर्म भरता येतो, तहसीलची पायरी ठाऊक आहे, फोनवर पोर्टल उघडता येतं. मी तुमच्याकडे एवढंच मागते. ही परीक्षा साधारण डिसेंबरात असते, अर्ज त्याआधी भरायचे असतात. यंदा पावसाळा सरला की आपापल्या जुन्या शाळेत जा, आठवीच्या वर्गशिक्षकांना भेटा आणि ज्यांचे दाखले अडलेत अशा दोन मुलांची नावं मागून घ्या. त्यांचा अर्ज भरून होईपर्यंत त्यांना सोडू नका, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा त्यांच्या घरी जा.