किरणोत्सार आणि गर्भाशयाचा कॅन्सर



वस्तीतल्या बायका मला नेहमी विचारतात, "ताई, एक्स-रे काढला की पिशवीचा कॅन्सर होतो का?" उत्तर देण्याआधी मी चित्र काढते. पिशवीचं मुख वेगळं, वरची पिशवी वेगळी. दोन्हींचे कॅन्सर वेगळे, कारणंही वेगळी.

१९४५ च्या हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बनंतर तिथल्या लोकांची पाहणी आजवर चालू आहे. तिच्यातल्या ६२ हजारांवर स्त्रियांच्या १९५८ ते २००९ या काळातल्या नोंदींचे निष्कर्ष २०१८ साली आले. मुखाच्या कॅन्सरचा किरणांशी ठळक संबंध दिसला नाही. वरच्या पिशवीच्या कॅन्सरचा दिसला, पण फक्त बॉम्बच्या वेळी ११ ते २० वर्षांच्या असलेल्या मुलींमध्ये. म्हणजे पाळी सुरू होण्याच्या आसपासचं वय! स्त्रियांचा वेगळा, वयानुसार हिशेब मांडला म्हणून हे कळलं.

अमेरिकेतली गोष्ट मला जास्त टोचते. १९२५ ते १९६५ या काळात, कॅन्सर नसलेल्या, केवळ अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांच्या पिशवीत रेडियमच्या कुप्या ठेवत. रक्त थांबलं, उपचार यशस्वी! अशा ४,१५३ बायकांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. पिशवीच्या कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. त्या बायकांना पुढच्या धोक्याबद्दल कोण काय सांगणार?

म्हणून छातीच्या एक्स-रेला घाबरू नका, पिशवीपर्यंत किरणं नावापुरतीच पोचतात. पोटाचा सीटी स्कॅन सांगितला तर तो कशासाठी, हे मात्र विचारा. पाळी चुकली असेल तर आधी सांगा. मुखाच्या कॅन्सरवर 'लाईट' चालू असेल तर भीतीपोटी अर्धवट सोडू नका. पुढे कधीतरी दुसरा कॅन्सर होण्याचा थोडा धोका असतो हे खरं, पण आज जीव वाचतो तो त्यानंच.

आपल्याकडे कॅन्सरच्या भीतीचा धंदाही होतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, ते आठवा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. पण कुणी 'कॅन्सर होईल, पिशवी काढा' म्हटलं, तर आधी अस्तराचा तुकडा तपासायला लावा आणि रिपोर्ट स्वतःच्या हातात घ्या. वाचता येत नसेल तर गटात घेऊन या, आपण मिळून वाचू.